सोळाचा पाव घात

आज चिंचवडच्या ऑफिसात कुणाच्या तरी जॅकेटला मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास आला आणि मी मनानं थेट काही वर्षांपूर्वीच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये पोचलो.

सूत्रं सोडवणाऱ्या माझ्या प्रोग्रॅमचा तो पहिला दिवस. लेथची धातू कापणारी टिप सोळा मिनिटं टिकायला स्पीड किती ठेवायचा, हे तो सांगणार होता. सूत्रात सोळाच्या पाव घातानं भागायचं होतं.

लेथ चालवणारे जुने टर्नर कांबळेकाका स्क्रीन बघून दचकले. "नेहमीच्या दुप्पट? टिप जळंल की राव!"

त्यांनी तेलकट कॅल्क्युलेटरवर सोळा मारून वर्गमुळाचं बटण अंगठ्यानं दोनदा दाबलं. पाव घात दोन आला. माझ्या प्रोग्रॅममध्ये तो एक होता.

"तुझा प्रोग्रॅम कसा काढतो?"

"घात असेल तितक्या वेळा गुणतो."

"आन् पाव वेळा कसं गुणणार?"

मी कोड उघडला. प्रोग्रॅम पावचा शून्य धरून, एकदाही न गुणता, सुरुवातीचा एक तसाच देऊन मोकळा होत होता. तिथंच, मशीनच्या खडखडाटात, मी पुन्हापुन्हा गुणणारा लूप काढून लॉगॅरिदम घातला. दोन! मी ओरडलोच. काकांनी नव्या, निम्म्या स्पीडवर लेथ सुरू केला, सोनेरी कीस सळसळत निघाला, टिप शाबूत.

तेव्हा तो शोध मला माझाच वाटला होता. आता नवा प्रोग्रॅम लिहिला की तपासायला आधी सोळाचा पाव घात टाकतो, आणि उत्तर येईपर्यंत काकांसारखा माझा अंगठा टेबलावर दोनदा दाबला जातो.