आप्पांना हवी होती कमी रेंजची गाडी

गेल्या महिन्यात एका रविवारी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या बॅटरीच्या गाड्यांच्या शोरूममध्ये मी चारचौघांत भांडले. आधी सेल्समनशी आणि मग सख्ख्या बापाशी... अजून आठवलं की कानशिलं तापतात.

त्याचं असं झालं. हायवेवरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली. आमच्या कळंब्याहून सकाळच्या शिफ्टला वेळेत पोहोचवेल अशी बस नाही. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, महिनाअखेरपर्यंत सोय करा, नाहीतर आम्ही दुसरं कोणी बघतो.

पेट्रोलचे भाव बघून मी बॅटरीची स्कूटर घ्यायचं ठरवलं. एकाच कंपनीची दोन मॉडेल मनात होती. छोटीला लायसन्स नको, पासिंग नको, पण ती सायकलीच्या वेगानं जाणार. मोठीला दोन्ही लागतं, पण ती जवळजवळ दुप्पट लांब जाते. लायसन्स माझ्याकडे कॉलेजपासून आहे, कपाटात पडून.

छोटीची रेंज एका चार्जिंगला कागदावर पन्नास किलोमीटर. कुठल्या रस्त्यावर पन्नास, असं विचारलं तर म्हणे सपाट रस्ता, एकटा माणूस, समोरून वारा नको... अहो, कोल्हापुरात सपाट रस्ता कुठं आहे तो दाखवा की मला! आणि इथं गाडीवर एकटा माणूस बसलेला शेवटचा कधी बघितलात?

सरकारी सबसिडीची तर वेगळीच तऱ्हा. एक शोरूमवाला म्हणाला किमतीत धरलेलीच आहे. दुसरा म्हणाला आधी गाडी घ्या, मग अर्ज करा, मग येते. कधी येते विचारलं, तर "येते की ओ" म्हणाला आणि चहा मागवला.

पण खरा संताप झाला तो त्या रविवारी. आमच्या आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान आहे. सोबत म्हणून ते आले होते. प्रश्न मी विचारत होते आणि सेल्समन उत्तरं आप्पांना देत होता! बॅटरी किती वर्षं टिकते मी विचारलं, तो आप्पांकडं बघून बोलला. लोडशेडिंगमध्ये अर्धवट चार्ज झाली तर चालते का, तेही आप्पांनाच सांगितलं.

"काका, ताईंना ही छोटीच बास हाय बघा. पुढं बास्केट हाय, कलर पण झ्याक हाय. ताई कुठं लांब जाणार हायत?"

"शिरोलीला जाणार आहे मी! रोज!" मी एवढ्या जोरात म्हणाले की काचेपलीकडचा माणूसही वळून बघायला लागला.

सेल्समन गोंधळला. म्हणाला, "पण काका काल येऊन सांगून गेलेत की... छोटीच दाखवा म्हणून."

म्हणजे मी पंधरा दिवस कागद गोळा करत हिंडत होते आणि यांचं दोघांचं परस्पर ठरूनही गेलं होतं! वर परत आप्पा मान हलवत माझ्याशेजारी बसलेत, जणू काही पहिल्यांदाच ऐकतायत...

"आप्पा, का?"

आप्पा टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. मग म्हणाले, "लांब जाणारी घेतलीस की लांब जाशील तू. हायवेचे ट्रक बघितलेस काय? छोटी असली की म्हटलं हितंच कळंब्यातल्या शाळंत नोकरीला लागशील."

घ्या! सगळी दुनिया जास्त रेंजची गाडी शोधतेय आणि माझा बाप कमी रेंजची. म्हणजे गाईसारखं लेकीला दावं बांधायचंच, फक्त ते सेलवर चालणारं.

मी म्हटलं, "आप्पा, छोटी घेतली तरी मी शिरोलीलाच जाणार. पंचगंगेच्या पुलावर बंद पडली तर ढकलत नेईन. पण जाणार."

आप्पा उठले, मोठ्या गाडीपाशी गेले, धोतर सावरलं आणि सरळ मागच्या सीटवर बसले. "चल. दाव कशी जातीस ते."

सेल्समन म्हणाला, ट्रायल फक्त कोपऱ्यापर्यंत. आप्पा म्हणाले, "माझी गाडी हितंच लावलीया पावणं, पळून जात न्हाय आम्ही."

आयुष्यात कधी बाईमाणसाच्या मागं गाडीवर न बसलेला माणूस. भर राजारामपुरीतून, ओळखीचे लोक बघत असताना, टोपी सांभाळत माझ्यामागं बसून निघाला. हायवेवर पहिला ट्रक शेजारून गेला तेव्हा त्यांनी माझा खांदा असा धरला की दोन दिवस दुखत होता.

फौंड्रीच्या गेटपाशी थांबलो. मला वाटलं आता कंपनी बघतील, वॉचमनला चार प्रश्न विचारतील. त्यांनी नुसतं वाकून चार्जचा काटा बघितला. "परत जायला पुरतंय न्हवं?"

पुरलं. परत येऊन आप्पांनी पुन्हा काटा बघितला आणि सेल्समनला म्हणाले, "मोठीच द्या. ही काय ऐकायची न्हाय. मग अर्ध्या वाटंत अडकाय नको."

नोकरी टिकली. सबसिडीचं अजून "येते की ओ" चालूच आहे. त्या सेल्समनवरचा राग काही गेलेला नाही, आणि खरं सांगायचं तर आप्पांवरचाही पूर्ण गेलेला नाही... मला न विचारता ठरवलंच कसं?

रोज संध्याकाळी मी येते तेव्हा आप्पा फाटकात उभे असतात. दमलीस का, जेवलीस का, कशी आहेस, काही विचारत नाहीत. वाकून काटा बघतात, "उरलंय की अजून" म्हणतात, आणि वायर घेऊन स्वतः गाडी चार्जिंगला लावतात.