संसदेच्या पायऱ्यांवरच्या खुर्च्या

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा नव्या कचेरीत नोकरीचा अर्ज द्यायला मी गावाहून आलो होतो. अर्जाला फोटो हवा होता, म्हणून आदरणीय बसवंतआप्पांच्या स्टुडिओत शिरलो. स्टुलावर अंग चोरून बसलेल्या मला ते म्हणाले, "मान वर कर. नोकरी मागायलास, भीक न्हाई." नोकरी हुकली, पण आप्पा लाभले. त्यांच्याच हाताखाली मी कॅमेरा धरायला शिकलो.

आप्पा मूळचे शिरूर अनंतपाळचे. उमेदीची वर्षे त्यांनी दिल्लीत संसदेच्या छायाचित्रकारांत काढली आणि नवा जिल्हा होताच गावाच्या ओढीने परतले. त्यांच्या फोटोंत सभागृहात हमरीतुमरीवर आलेले दोन सदस्य मध्यवर्ती कक्षात एकाच बशीतली भजी खाताना दिसतात. पहिल्यांदाच निवडून आलेला कुणी पायरीला हात लावून कपाळाला लावतो. दिवंगत सदस्यासाठी सगळे सभागृह स्तब्ध उभे राहते, त्याचा मात्र एकही फोटो नाही. मी कारण विचारले, तर आप्पा म्हणाले, "समदे गप हुबे हायेत आन् आपण खटका दाबायचा? शोभतं का?"

बहात्तरच्या दुष्काळातला त्यांचा एक फोटो मला सर्वांत प्रिय. मुखेडकडच्या खडी फोडणाऱ्या बाया पिण्याचे पाणी मागायला दिल्लीला गेल्या होत्या. संसदेच्या पायऱ्यांवरच्या सामूहिक फोटोत मानकरी खुर्च्यांवर बसतात, बाकीचे मागे उभे राहतात. त्यांच्या भागाचे खासदारसाहेब सवयीने मधल्या खुर्चीकडे वळले, तेव्हा आप्पांनी त्यांना अडवले. "साहेब, घरचे पाव्हणे आलेत. पाव्हण्याला हुबं ठेवत न्हाईत."

गयाबाई नावाची तरणी बाई मागे सरली. "न्हाई जी, आमी खालीच बसताव."

"बस माय," साहेब हसून म्हणाले, "म्या ऱ्हातो हुबा." बाया खुर्च्यांवर, खासदार मागे, असा तो फोटो निघाला. नोकरीवर नवे असलेल्या माणसाला हे धाडस महागात पडले असते, पण आप्पांनी ते केले.

आता लाजेची गोष्ट. आप्पांच्या पंचाहत्तरीनिमित्त आमच्या समितीने गेल्या महिन्यात लातुरात या फोटोंचे प्रदर्शन भरवले. दारावर हाच फोटो मोठा करून लावायचा ठरला. समितीत साहेबांना मानणारी मंडळी बरीच. "साहेब ठळक दिसले पाहिजेत, खाली जागा उगाच वाया चालली," असे कुणीतरी म्हणाले आणि आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. आप्पांचा शिष्य म्हणवणाऱ्या माझीही मान त्यांत होती. खालची जागा कापली गेली. खालच्या कडेला एका पदराचा काठ तेवढा उरला.

उद्घाटनाला गयाबाई मुखेडहून एसटीने एकट्या आल्या. इतक्या वर्षांत तो फोटो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. दाराशी उभ्या राहून त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि मला विचारले, "माझं तोंड कुठं हाय, बाबा?" मला जमिनीने पोटात घ्यावे असे झाले.

आप्पांनी ते दाराजवळच्या व्यासपीठावरून ऐकले. नुकतीच अंगावर पडलेली शाल सावरत ते खाली आले. गयाबाईंचा हात धरून त्यांनी त्यांना वर नेले, आपल्या सत्काराच्या खुर्चीवर बसवले आणि स्वतः मागे उभे राहिले. मग मला म्हणाले, "काढ."

कॅमेरा माझ्या हातात होता, पण डोळे वर उचलत नव्हते. तेव्हा तेच पूर्वीचे शब्द आले, "मान वर कर. त्याबिगर दिसायचं कसं?"

तो फोटो आणि दुष्काळातला मूळ फोटो, दोन्ही आप्पांच्या या गौरवग्रंथात न कापता छापले आहेत. त्याने झाले ते भरून निघाले असे मी म्हणणार नाही. आप्पांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, ही प्रार्थना करतो, आणि तीत आमचा स्वार्थ आहे. त्या दिवशी फोटो मी काढला खरा, पण गयाबाईंच्या नजरेला नजर अजून दिलेली नाही. ती देता येईपर्यंत तरी, आप्पा, तुम्ही माझ्या मागे उभे राहा.