शिलंगणाची रायफल

पोलीस अॅक्शन होऊन तिसरं वर्ष चालू होतं. आमचं सेक्शन, म्हणजे एका हवालदाराच्या हाताखालची लहान तुकडी, खुलताबाद आणि वेरूळच्या मधल्या एका डोंगरावर वायरलेस पोस्टच्या राखणीला होतं. तीन तंबू आणि एक दगडी खोली. खोलीत वायरलेस सेट आणि कोत, म्हणजे हत्यारं ठेवायची जागा. खाली उतारावर नाला. नाल्यात झरा. झऱ्यापलीकडे एका धनगर कुटुंबाची पालं. बाकी सगळा डोंगर आणि वारा.

लढाई संपली होती. रझाकार गेले होते. पोस्टवर काम होतं ते पहारा, पाणी, स्वयंपाक आणि हत्यार साफ करणं. माणसं आपापल्या तंबूत, आपापल्या विचारात असत. पत्र यायला उशीर लागे. दिवसभरात कुणी चार वाक्यं बोलला तर पुष्कळ.

मी निजामाच्या राज्यात वाढलो. शाळेत उर्दू आणि घरात चोरून आणलेली चळवळीची पत्रकं. वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकलो. भरती झालो तेव्हाही ट्रंकेत तळाशी एक पत्रक घडी घालून ठेवलेलं होतं. ते नाईक दादाराव शेजूळनं पाहिलं आणि त्या दिवसापासून माझं नाव ‘पुढारी’ पडलं.

दादाराव कन्नडकडचा. सेक्शनचा टूआयसी, म्हणजे हवालदाराच्या खालोखाल तोच. पोस्टवर यायच्या आधी तो छावणीत आर्मररच्या, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याच्या, हाताखाली होता. अफसरांच्या शिकारीच्या रायफली त्याच्याच हातून जात. आम्ही त्याला उस्ताद म्हणत असू.

सकाळी हत्यारं साफ करायला त्यानं जोड्या लावल्या होत्या. माझी जोडी त्याच्याशी. एकानं बट, म्हणजे रायफलीचा लाकडी दस्ता, धरायचा, दुसऱ्यानं पुलथ्रू ओढायचा. पुलथ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी. वजन मागून नळीत सोडायचं, तोंडातून बाहेर काढायचं, मागच्या फासात चिंधी अडकवायची आणि एका दमात ओढायचं. एकट्यालाही हे जमतं. पण दादाराव म्हणे, एकट्यानं ओढलं की दोरी तिरकी जाते आणि नळीच्या तोंडाची कड घासते. तोंडाची कड गेली की रायफल गेली.

“पुढारी, सरळ ओढ. भाषण करतोस तसं नको.”

“उस्ताद, बट हलतोय तुमचा.”

“माझा बट हलला तर डोंगर हलला समज.”

दिवसभरातलं आमचं बोलणं बहुतेक एवढंच.

ज्यांच्या घरात लायसनची रायफल आहे त्यांनी पुढचं नीट वाचावं. तेल हे रायफल ठेवताना लावायचं असतं. फायर करायच्या आधी नळी आतून कोरडी पाहिजे, कारण तेलकट नळीतली पहिली गोळी नेहमीच्या जागी जात नाही. आणि शिकारीला पहिलीच गोळी महत्त्वाची. रायफल उभी करताना नळी भिंतीला टेकवू नये. लोखंड आणि लाकूड जोडणारे स्क्रू दर वेळी सारखेच आवळावेत. सगळ्यात मोठी गोष्ट लाकडाची. दादारावनं सांभाळलेल्या शिकारी रायफलींत नळी पुढच्या लाकडापासून केसभर सुटी असे. पावसाळ्यात किंवा पाणी लागलं की लाकूड फुगतं, नळीला एका बाजूनं ढकलतं, आणि झिरो सरकतो. झिरो म्हणजे नेम आणि गोळी एका जागी पडणं.

ही फट तपासायला दादारावला पातळ, चिवट कागद लागे. एकदा त्यानं माझ्या पत्रकाची खालची कोरी पट्टी मागितली.

“त्यावर काय छापलेलं नाय. देऊन टाक.”

मी दिली. त्यानं ती हवालदार मानेंच्या जुन्या छऱ्याच्या बंदुकीवर फिरवून दाखवली, नळी आणि लाकूड यांच्यामधून पुढून मागं. कागद अडला नाही तर ठीक. अडला, तर तिथं लाकूड लोखंडाला धरतंय.

“बघ,” तो म्हणाला, “तुझ्या चळवळीचा पहिला उपयोग.”

ती पट्टी त्यानं स्वतःच्या खिशात ठेवली.

दसऱ्याचा दिवस होता. आदल्या दिवशी खंडेनवमीला आम्ही पोस्टवर शस्त्रपूजा केली होती. हत्यारं ओळीत मांडली. समोर नारळ, बाजूला झेंडू. दादारावनं फुलं हत्यारांसमोर जमिनीवर ठेवायला लावली. हत्याराला पाणी नाही, कुंकू नाही. एक जण कुरकुरला, तेव्हा तो म्हणाला, “देव समोर बसूनबी पावतो. नळीत कशाला घालतोस त्याला?”

दसऱ्याला दुपारी चारच्या सुमारास एक जीप चढ चढून आली. उतरले ते औरंगपुऱ्यात राहणारे, वेरूळकडे जमीन असलेले एक जमीनदार. नाव लिहीत नाही. असे पुष्कळ आहेत. शेरवानी, फेटा, हातात परदेशी बनावटीची शिकारी रायफल. त्यांच्या घरी शिलंगणाला शिकार करायची रीत होती. सीमा ओलांडायची, काहीतरी मारायचं, मग गावात जाऊन सोनं वाटायचं.

“नाल्यात बिबट्या आहे,” ते हवालदार मानेंना म्हणाले. “माझी गोळी लागली, पण पडला नाही. मागच्या पायात लागली असावी. तुमच्याकडे जवान आहेत.”

“साहेब, जखमी तुम्ही केलाय,” दादाराव म्हणाला.

“मला शहरात पोचायचंय. माणसं सोनं द्यायला येऊन बसली असतील.”

“आणि तो?”

“म्हणून तर आलो.” त्यांनी रायफल पुढे केली. “ही ठेवा हवी तर. काडतुसं दोनच उरलीत.”

जीप उतरून गेली. आपट्याची पानं मागच्या सीटवर ढिगानं पडली होती. त्यांतली काही वाऱ्यानं उडून आमच्या वाटेवर पडली.

मी पत्रकांतून एक गोष्ट शिकलो होतो. जमीनदार नेहमी काहीतरी अर्धवट करून जातो आणि उरलेलं दुसऱ्याच्या अंगावर टाकतो. तोवर मी हे सारा आणि वेठीबद्दल वाचलं होतं. त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिलं.

जीपच्या धुळीतच खालून बिरूबा धनगर पळत आला. त्याची सून झऱ्यावर गेली होती. झाडीतून गुरगुर ऐकून ती घागर टाकून परतली. ती वाचली. पण बिरूबाचा धाकटा भाऊ म्हाळू मेंढरं घेऊन सकाळीच डोंगरापलीकडे गेला होता. दिवस मावळताना तो त्याच नाल्यातून कळप घेऊन खाली येई. दुसरी वाट नव्हती.

“हाक मारून बघितली का?” हवालदारांनी विचारलं.

“लई मारली. कंच्या उतारावर हाय त्येच कळंना. वारं उलटं हाय.” बिरूबा दारातच बसला. “साहेब, मेंढरं म्होरं असत्यात अन् त्यो मागं. बुजली की त्यो पळत म्होरं येतो. थेट बिबट्याच्याच तोंडात.”

हवालदार वायरलेसवर गेले.

“जखमी बिबट्या. माणसाच्या जिवाला धोका. फायरची परवानगी हवी. ओव्हर.”

थोडा वेळ नुसती खरखर. मग उत्तर आलं.

“सर्व्हिस अॅम्युनिशन शिकारीला नाही. सिव्हिल मॅटर आहे. पोलिसांना कळवतो. ओव्हर.”

“पोलीस यायला रात्र होईल. ओव्हर.”

“ऑर्डर तीच. कोणीही पोस्ट सोडणार नाही. आऊट.”

नियमानं ती ऑर्डर बरोबर होती. त्या काळात फौजेची एक गोळी कुठं उडाली याचा जाब वरपर्यंत जाई. मला हे तेव्हाही कळत होतं. पण नियम बरोबर असतो आणि नाल्यात माणूस येत असतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. हे कुठल्याही पत्रकात छापलेलं नव्हतं.

दादाराव म्हणाला, “माझी रजा उद्यापासून मंजूर आहे. आजपासून धरा.”

हवालदारांनी त्याच्याकडे पाहिलं. “रजेवर कुठं जाणार?”

“दसरा हाय. शिकारीला.”

हवालदारांनी रजेच्या कागदावर सही केली.

मग दादारावनं ती रायफल दगडी खोलीच्या दारात, उजेडात घेतली. मी शेजारी उभा होतो. नळीवर कुंकवाचे ठिपके होते. मक्खीवर, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या साइटवर, हळद सुकली होती. नळी आणि लाकूड यांना मिळून लाल नाडा करकचून बांधलेला होता आणि त्यात झेंडू खोचलेला. रात्रभर ती देव्हाऱ्यात कलशाशेजारी असणार. लाकडाच्या खाचेत अजून ओल होती. तिच्या मालकानं तिची पूजा मनापासून केली होती. त्यात वाद नाही.

बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा खटका, काढून त्यानं नळीतून पाहिलं. “तेल.”

मी बट धरला. त्यानं पुलथ्रू ओढला. चिंधी काळी-पिवळी निघाली. दुसरी ओढली, तिसरी ओढली. नळी कोरडी झाली. मक्खी त्यानं नखानं साफ केली. नाडा चाकूनं कापला. मग खिशातून ती पट्टी काढून नळी आणि लाकडाच्या मध्ये घातली.

पट्टी बोटभरही गेली नाही. उजव्या बाजूला लाकूड लोखंडाला घट्ट चिकटलं होतं.

“खरवडता येईल?” मी विचारलं.

“येईल. सावलीत वाळवायचं, खरवडायचं, मग कागदावर मारून बघायचं. दोन दिवसांचं काम.” त्यानं सूर्याकडे पाहिलं.

“एक गोळी मारून झिरो बघा.”

“मग उरली एक. अन् आवाजानं तो जागचा उठला तर कुठं शोधायचा?” त्यानं काडतुसं पुसली. “हिच्यावर भरवसा नाय, पुढारी. लांबून मारता येणार नाय. जवळ जावं लागंल.”

“किती जवळ?”

“चुकता येणार नाय इतकं.”

जाताना त्यानं पट्टी माझ्या हातात दिली. “ठेव. घामानं भिजंल.”

माझी सेंट्रीची, म्हणजे पहाऱ्याची, वेळ सुरू झाली होती. मी पोस्टच्या कडेला दगडाच्या मोर्च्यात उभा राहिलो. माझ्या हातात सर्व्हिस रायफल होती. तिचा झिरो दादारावनं स्वतः मिळवला होता आणि मी रोज सकाळी ती त्याच्या समोर कोरडी करत होतो. त्या डोंगरावरची सगळ्यात भरवशाची रायफल माझ्या हातात होती आणि नाल्यात जी उतरत होती तिच्यावर तिला नेणाऱ्याचाच भरवसा नव्हता. सेंट्री जागा सोडत नाही. मी उभा राहिलो.

दादाराव आणि बिरूबा उतार उतरून झाडीत गेले. मग नुसती झाडी दिसत होती. मी रायफल उचलून साइटमधून पाहिलं. पानांशिवाय काही नव्हतं. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. सेक्शनमधले बाकीचे मागं उभे होते, तरीही.

ऊन डोंगराच्या डोक्यावर गेलं तेव्हा पहिला फायर ऐकू आला. लगेच दुसरा. दुसऱ्याचा आवाज दबका होता. नळी कशाला तरी टेकवून मारल्यावर होतो तसा.

पुढचं बिरूबानं सांगितलं. रक्ताच्या मागावर ते झऱ्यापर्यंत गेले. दादारावनं त्याला एका मोठ्या धोंड्यावर चढवलं. बिबट्या घाणेरीच्या झुडपाखाली पडून होता. दादाराव दहा-बारा पावलांवर गेला, गुडघा टेकला, छातीचा नेम धरून मारली. गोळी वीतभर डावीकडे, फऱ्यावर लागली. बिबट्या अंगावर आला. दादारावनं डावा हात त्याच्या जबड्यात दिला, उजव्या हातानं बोल्ट मारला आणि नळी छातीला लावून दुसरी गोळी घातली.

“एका हातानं बोल्ट मारला वो त्यानं,” बिरूबा पुन्हा पुन्हा म्हणत होता. “एका हातानं.”

हवालदारांनी माझ्या जागी दुसरा सेंट्री उभा केला. मी धावत उतरलो. आम्ही त्याला कांबळ्यात घालून वर आणलं. पोस्टचा ट्रक बाहेर काढला. मान आणि खांदा फाटला होता. मी चिंध्यांचा सगळा गठ्ठा दाबून धरला होता. त्यानं डोळे उघडले.

“पुढारी.”

“जी उस्ताद.”

“डावीकडं फेकते.” दम घेतला. “मालकाला सांग.”

तेवढ्यात खालून घंटांचा आवाज आला. म्हाळू मेंढरं घेऊन नाल्यातून उतरत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो ट्रककडे पाहून हात हलवत होता.

दादाराव दौलताबादच्या पुढे, छावणीच्या इस्पितळात पोचायच्या आधी गेला.

रायफल परत करायला मलाच पाठवलं. औरंगपुऱ्यातल्या त्या घराच्या ओट्यावर आपट्याची पानं अजून झाडायची होती. जमीनदारांनी मला बसायला सांगितलं. मी बसलो नाही.

“नाईक शेजूळनी मरताना सांगितलंय,” मी म्हणालो. “ही डावीकडे फेकते.”

“आधी कधी फेकत नव्हती,” ते म्हणाले. मग रायफलीच्या लाकडावरून बोट फिरवलं. “तो नाईक किती वर्षांचा होता?”

मी सांगितलं. ते आत निघून गेले.

मी फौज सोडली. आता औरंगपुऱ्यातच गल्लीतली एक खोली भाड्यानं घेऊन राहतो. रात्री पत्रकं लिहितो. काही छापली जातात. दिवसा लायसनच्या रायफली दुरुस्त करतो. खोलीत दुसरं कुणी नाही. माझ्या स्वतःच्या कामासाठी भिंतीत एक लाकडी खोबण केली आहे. तीत बट अडकवून मी एकटाच पुलथ्रू ओढतो. दोरी सरळ जाते. पण दर वेळी मी समोर पाहतो.

खंडेनवमीच्या आधी गर्दी होते. शेतकरी येतात, मोठे जमीनदार येतात, एकदा वकीलही आले होते. मी त्यांच्याशी भांडतो. नाडा बांधू नका, पाणी शिंपडू नका, फूल समोर ठेवा. नेम नसलेलं हत्यार बाळगायचा कुणालाही हक्क नाही, आणि जखमी करून घरी जायचा तर मुळीच नाही. काही जण रागावून रायफल उचलून नेतात. नेऊ देत.

जे थांबतात त्यांना मी खोबण वापरू देत नाही. खाली बसवतो आणि त्यांच्याच रायफलीचा बट त्यांच्या हातात देतो. हलवू नका म्हणतो. चिंधी कोरडी निघेपर्यंत ओढतो. मग ती जुनी पट्टी नळीखालून फिरवतो. कडा तिच्या आता झिजल्यात. ती अडली की ते विचारतात, याचा अर्थ काय?

मग मी त्यांना नाईक दादाराव शेजूळबद्दल सांगतो. तोवर त्यांना बट सोडू देत नाही.