बाहुल्यांच्या स्वयंपाकघराचा भाव

कुनिगुंडेची जीभ न्यूरेंबर्गच्या अख्ख्या बाजारचौकाला ठाऊक होती. जन्मभर तिने तिथे सॉसेजची गाडी चालवली, आणि पावात मोहरीची चटणी जास्त मागणाऱ्यालाही कधी सरळ उत्तर दिलं नाही. पण त्या डिसेंबरात ती जशी भडकली तशी गाडीवरही कधी भडकली नव्हती. आणि मला विचाराल तर तिचं काडीचंही चुकलं नाही.

निमित्त होतं बाहुल्यांचं स्वयंपाकघर. समोरून उघडा लाकडी खोका, आत पत्र्याची चूल, पितळेची इवलीशी भांडी. तिच्या आजीच्या वेळचं. असली खेळणी नाताळला माळ्यावरून उतरायची आणि जानेवारीत तीन राजांचा सण झाला की परत माळ्यावर. पुढच्या नाताळला येताना मात्र काहीतरी नवं लेवून यायची, कधी पडदा, कधी ताजा रंग. मोठ्यांनी दार लावून गुपचूप रंगवायचं, हीच रीत. त्याशिवाय नाताळ कसला?

आता कुनिगुंडे वृद्धाश्रमात एका खोलीत राहायला निघाली होती, आणि ते खेळणं भाच्याच्या मुलींकडे जावं एवढीच तिची इच्छा होती. भाचा फोल्कमार म्हणाला, "आत्या, माझ्याकडे जागा कुठेय? विकू या. जुन्या खेळण्यांना आज सोन्याचा भाव आहे." आणि तिला न विचारता तो त्साइडलर नावाच्या व्यापाऱ्याला घेऊन आलासुद्धा.

त्साइडलरने डोळ्याला भिंग लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे कुणी रंगवलंय?"

"आम्हीच. पिढ्यान् पिढ्या," कुनिगुंडे ताठ मानेने म्हणाली.

"वाट लावलीत, बाई! मूळ रंगात असतं तर आठ हजार युरो मोजले असते. आता काय, कवडीमोल."

फोल्कमारने कपाळावर हात मारला. "आत्या, काय करून ठेवलंस गं हे!"

"पोरांचं खेळणं होतं ते, बँकेची तिजोरी नव्हती!"

"चिडू नका. वरचं खरवडलं की खाली मूळ रंग निघेल," असं म्हणत त्या माणसाने खिशातला चाकू काढला आणि खेळण्याची भिंत खरवडायलाही लागला. स्वतःच्या बापाचं घर असल्यासारखा! हिरवा पापुद्रा उडाला, तो कुनिगुंडेच्या हातचा होता. त्याखाली पिवळा, वडील गेले त्या वर्षी आईने डोळे पुसत दिलेला. मग लाल लागला. युद्धानंतरच्या टंचाईत वडिलांनी सायकलीचा उरलेला रंग दिला होता, तो.

"हे बघा, ओल्या रंगात बोट खुपसलंय कुणीतरी. अडाणी लोक! हा थर आधी उडवायला हवा."

कुनिगुंडेने त्याचं मनगट पकडलं.

"चाकू ठेव खाली."

"बाई, मी तुमच्याच फायद्याचं..."

"फायदा गेला खड्ड्यात! माझ्या घरात बसून माझ्या आईच्या रंगावर चाकू चालवतोस? ऊठ! चालता हो!"

त्साइडलर टोपी सावरत निघाला. फोल्कमार कुरकुरला, "आत्या, आठ हजार होते गं."

"इकडे ये. अंगठा ठेव इथे."

"काय?"

"ठेव म्हणते ना!"

त्याने ठेवला. लाल रंगातल्या त्या खळग्यात त्याचा अंगठा मावेना. खळगा लहान पोराचा होता.

"पाच वर्षांचा होता ओटमार. तुझा बाप! नाताळच्या आदल्या दिवशी बंद खोलीत घुसला, धीर कसला तो नव्हताच मेल्याला. मार खाल्ला. दुसरा रंग आणायचा कुठून, म्हणून खूण तशीच राहिली. ती खरवडून टाकली की आठ हजार मिळतात. जा, मार हाक त्या व्यापाऱ्याला, अजून जिन्यातच असेल."

ओटमार गेल्या वसंतातच वारला होता. फोल्कमारने अंगठा तिथून उचललाच नाही.

कुनिगुंडेचा राग काही उतरला नव्हता. तिने या नाताळासाठी आणून ठेवलेला निळ्या रंगाचा डबा त्याच्यासमोर आदळला आणि ब्रश त्याच्या हातात कोंबला.

"नाताळ तोंडावर आलाय. मी निघाले, आता तुझ्या पोरींसाठी रंगवणार कोण? आणि तेवढा खळगा सोडून रंगव, गाढवा."