सुटताना बघावं

कोळेकर मॅडमना एखादी शाळा बघायची असली, की त्या शाळा सुटायच्या वेळी जात. आत न जाता समोरच्या झाडाखाली किंवा टपरीच्या बाकावर बसून राहत. साहेब लोक सकाळी परिपाठाला पोचतात, तिथे लेझीम, स्वागतगीत, गुलाबाचं फूल तयारच असतं. मॅडमना त्यातलं काही नको असे. सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरात वाढलेल्या या बाईंचं म्हणणं एकच: "मेंढरं सकाळी कुनाच्या बी मागनं जात्यात. सांच्याला कुनाजवळ थांबत्यात, ते बगावं."

सोलापूरच्या शिक्षण विभागात शिक्षकांच्या नेमणुका नि बदल्यांचं टेबल त्यांच्याकडे होतं. त्या निवृत्तीला आल्या, तेव्हा त्या जागी मनुष्यबळ विश्लेषक नेमायचा असं ठरलं. जाहिरातीतली पात्रता मी पाठच केली होती. व्यवस्थापनाची पदवी, संगणक, टायपिंग, अनुभव, सगळं माझ्यापाशी होतं. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी कामगारांची भरती बघत होते, आणि मला तिथून सुटायचं होतं. ही नोकरी इतकी हवी होती, की मुलाखतीच्या दिवशी मी तासभर आधीच येऊन बसले.

मुलाखत मात्र अगदीच फुसकी निघाली. मॅडमनी फाइल चाळली, दोन नियम विचारले आणि "या तुम्ही" म्हणाल्या. मी धुसफुसत ओळखीच्या दोघींना फोन लावले, मग कचेरीच्या फाटकासमोरच्या टपरीवर आले आणि चहावाल्या मामांपुढे मनातलं सगळं ओकले. आमच्या कारखान्यातल्या बाया भराभर काम सोडत होत्या, पगार वाढवला तरी थांबेनात. मग एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबरच बाहेर पडले, तेव्हा कळलं, की शिफ्ट सुटायच्या आधीच गावाकडची शेवटची गाडी निघून जाते. मालकांशी भांडून वेळ बदलून घेतली, बाया टिकल्या. वर मुलाखतीत कुणी विचारलं का यातलं?

"मग वर का न्हाय सांगितलं?" मागच्या बाकावरून आवाज आला. मॅडम बशीत चहा ओतून निवांत बसल्या होत्या. माझी पाचावर धारण बसली. तुम्ही विचारलंच नाहीत, असं कसंबसं पुटपुटले.

"वर समदीच शानी बोलत्यात की. उठून गेल्यावर मानूस कळतंय." मग बशी संपवून त्यांनी अट सांगितली. त्या स्वतः मे महिन्यात निवृत्त होणार. तोवर मी त्यांच्या हाताखाली काम करायचं, जमलं तर टेबल माझं, नाहीतर साहेबांना स्पष्ट नको म्हणून सांगणार. मला तर रस्त्यातच नाचावंसं वाटत होतं.

मॅडमची एक गंमत होती. मन ठिकाणावर असलं, की त्या गावाकडचं बोलत. शुद्ध मराठी सुरू झालं, की राग आला असं समजायचं. उजनीच्या पाण्याकाठच्या एका शाळेच्या वेळी हे मी पाहिलं. पट कमी झाल्यामुळे तिथल्या दोन शिक्षिकांपैकी धाकट्या बाई अतिरिक्त ठरल्या होत्या, त्यांची बदली होणार होती. आम्ही दोघी जाऊन लिंबाखाली बसलो. शाळा सुटली, थोरल्या बाई गेल्या, पण पोरं काही हलेनात. धाकट्या बाई त्यांना घेऊन काठावर गेल्या आणि मासेमारीच्या होड्या परत येऊन एकेका पोराला आईबाप भेटेपर्यंत तिथेच गोष्टी सांगत बसल्या. दुसऱ्या दिवशी मॅडम साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "महोदय, या शिक्षिकेस हलवल्यास ती मुले सायंकाळी पाण्याकाठी एकटी असतील, याची आपण नोंद घ्यावी." एवढं शुद्ध मराठी ऐकून साहेबही दचकले. धाकट्या बाई राहिल्या आणि थोरल्यांना त्यांच्या गावाजवळची शाळा मिळाली. त्यांनाही तेच हवं होतं. मी त्या दिवशी आनंदानं पेढे वाटले.

माझ्या नोकरीबद्दल मात्र मॅडम चकार शब्द काढत नव्हत्या. मे उजाडला. निरोप समारंभ झाला, भाषणं चालूच होती. मला आत बसवेना. मी उठले आणि सवयीनं समोरच्या टपरीवर जाऊन बसले. कचेरी सुटली, पण कुणी बाहेर येईना. बऱ्याच वेळानं मॅडमच आल्या, गळ्यातला हार हातात घेऊन.

"भाषनं सोडून हितं काय करताय?"

"बघतेय. सुटताना कोण थांबतंय ते."

त्यांनी वळून पाहिलं. पायऱ्यांवर, व्हरांड्यात, पार जिन्यापर्यंत त्यांनी शाळा लावून दिलेली माणसं उभी होती. करकंबचे गुरुजी, अक्कलकोटकडचे कानडी बोलणारे मास्तर, पाण्याकाठच्या त्या धाकट्या बाई. शेवटची एसटी चुकणार होती, तरी कुणी हललेलं नव्हतं. मॅडमनी पदरानं डोळे पुसले, माझ्या शेजारी बसल्या आणि हार माझ्या मांडीवर ठेवला.

"सायबांना सांगून येते," त्या म्हणाल्या, "टेबल भरलं म्हनून."