मंगळापर्यंतची दोरी

रामघाटावर दर सोमवारी सकाळी एक म्हातारं मराठी जोडपं लांबलचक दोरी घेऊन यायचं. आजोबांनी जन्मभर पंचांगाचं गणित केलेलं. दोरीची एक गाठ म्हणजे एक कोटी किलोमीटर. आजी खालच्या पायरीवर टोक धरून बसायच्या, ती पृथ्वी. आजोबा गाठी मोजत पायऱ्या चढायचे आणि थांबतील तिथे मंगळ. वरून दरडावायचे, "सोडू नकोस गं!" मंगळ सध्या लांब चालला होता, आठवड्याला साधारण एक गाठ वाढायची. मला ते सगळं खूळ वाटायचं.

गेल्या महिन्यात आजोबा एकटेच आले. डोक्याचा गोटा केलेला.

"हे टोक जरा पकडता?"

मला ऑफिसची घाई होती. म्हटलं, "नावेच्या कडीला बांधा ना, आजोबा."

"कडीला काय कळणार, मी किती लांब गेलो ते?"

मी आजींच्या पायरीवर बसलो. ते चढत गेले. चौतिसाव्या गाठीला थांबले आणि सवयीने ओरडले, "सोडू नकोस गं!"

मी टोक घट्ट धरून होतो. दोरी त्यांच्याच हातून सुटली.