मुरारीने बांधलेली सांगड

मुरारी सकपाळ गणपतीला गावी यायचा तो पोलादपूरला एस.टी.तून उतरून, डोक्यावर ट्रंक घेऊन, पुलावरच्या लांबच्या वाटेने. डोहावर मामाची सांगड तयार असायची, मामा हाका मारायचा. पण हा आपला कोसभर वळसा घालायचा. लोक म्हणत, मुंबईचं पाणी लागलं, आता नदीच्या पाण्याला भितो. म्हणोत बापडे. खरं कारण मागे दोन गणपतींत घडलं होतं, ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि ते सांगायची छाती देवाने त्याला दिली नव्हती.

सांगड म्हणजे बांबूच्या चौकटीखाली सुके भोपळे बांधून केलेला तराफा. पुराचा जोर ओसरला की येसाजीमामा तिच्यावरून सावित्रीपार माणसं पोचवी. आईबापावेगळ्या मुरारीला त्यानेच वाढवलं होतं. म्हाताऱ्याकडे ना जमीन ना जुमला, वाडीत मान होता तो एकाच गोष्टीचा: येसाजीच्या सांगडीवरचं माणूस कधी भिजलं नाही.

मुरारी मुंबईत प्लास्टिकच्या एका लहानशा कारखान्यात साच्यावर काम करी. पासष्टच्या सुमारास तिथे नवी टूम निघाली. प्लास्टिकच्या दाण्यांत पिवळी पूड मिसळायची, तापल्या नळकांड्यात ते वितळवायचं आणि दांडा दाबून साच्यात सोडायचं. पुडीचा वायू होई आणि माल आंबोळीसारखा फुगे. थंड साच्याला टेकलेला भाग चटकन थिजून टणक साल बने. आत राहत खसखशीएवढी बंद भोकं. असा गोळा पाण्यात बुडवू म्हटलं तरी बुडत नसे. मच्छीमार तो जाळ्यांना बांधत. पण सगळा खेळ आचेचा आणि धीराचा. आच चढली की भोकं फुटून एकमेकांत शिरत. साचा घाईने उघडला की साल पातळ राही, तिला बारीक छिद्रं पडत. मग गोळा वरून गोरागोमटा, पण रात्रभर पाण्यात ठेवला की पोटभर पाणी पिऊन बसे.

त्या वर्षी गणपतीच्या सुट्टीसाठी काम उरकायच्या घाईत मुरारीनेच आच चढवली, साचे लवकर उघडले. फोरमनने एक गोळा कापून आतली भगदाडं दाखवली, सगळा घाणा बाजूला फेकला आणि चार शब्द सुनावले. फेकलेल्या ढिगातलेच गोळे मुरारीने पोत्यात भरले. चांगले मागायला त्याच फोरमनपुढे तोंड उघडावं लागलं असतं. आणि गावात मिरवायला काय, दिसायला तर सारखेच!

"मामा, भोपळे टाक आता," तो काठावर चार माणसांत म्हणाला. "ह्यो बघ मशीनचा माल. फुटायचा नाय, कुजायचा नाय."

येसाजीने गोळा हातात घेतला, गालाला लावला. "माझ्या मुराऱ्यानं केला?" म्हातारा इतका हरखला की जुने भोपळे त्याने त्याच दिवशी सोडले.

पहिल्या दिवशी सांगड अशी झोकात चालली की वाडी बघायला लोटली. रात्री ती नेहमीसारखी पाण्यातच बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या नव्या सुनेचा, मैनाचा, पहिला ओवसा होता. नवी सून माहेरची सुपं घेऊन सासरच्या गौरीपुढे येते. ती सुपं म्हणजे माहेरची अब्रू. मैना पल्याडच्या काठावर सांगडीत बसली, पुढ्यात फळाफुलांची झाकलेली सुपं. डोहाच्या मध्यावर सांगडीची एक बाजू खाली गेली. येसाजीने पोरीला दंडाला धरून कसंबसं काठाला आणलं. सुपं धारेला लागली ती गेलीच.

मैनाची सासू साळूबाई काठावरच होती. "पैला ओवसा बुडवलास!" ती कडाडली. "हात थकलं तर घरात बसावं म्हाताऱ्या!"

"गाठ सैल ऱ्हायली असंल माझी," येसाजी म्हणाला.

गाठ पक्की होती. मुरारीला ती दिसत होती. एक वाक्य बोलायचं होतं. तो वाकून सांगडीची दोरी आवरू लागला. त्याच संध्याकाळी त्याने मुंबईची गाडी धरली.

वर्षभर सांगडीवर कोणी बसलं नाही. पुढल्या गणपतीला मुरारी मनाचा हिय्या करून आला, पडवीतला एक गोळा उचलला आणि मामासमोर कोयत्याने कापला.

"गाठ नव्हती मामा. ह्यो गोळाच पानी प्याला. आच जास्त झाली की असं व्हतं."

येसाजीने भोकांत बोट घालून पाहिलं. मग भाच्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तुला ठावं व्हतं रे?"

याच प्रश्नासाठी तो मुंबईहून आला होता.

"नाय," मुरारी म्हणाला.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. कापलेला गोळा घेऊन तो घरोघर फिरला. "माझी गाठ नव्हती गो! आन् पोराचा तरी काय दोष? मशीनच्या पोटातलं त्याला काय दिसनार?" साळूबाईनेसुद्धा हात जोडले. वाडीने येसाजीला त्याचा मान परत दिला आणि मुरारीला वर शाबासकी, खरं सांगायला एवढ्या लांब आला म्हणून! शाबासकी त्याने मान खाली घालून घेतली. लोकांना तो विनय वाटला.

निघायच्या दिवशी येसाजीने भोपळ्यांची नवी सांगड काढली. एकेक भोपळा ठोकून पाहिला, पाण्याखाली दाबून बुडबुडा येतो का पाहिलं, मग भाच्याची ट्रंक चढवली.

"बस बिनघोर," तो हसून म्हणाला. "समदं मी सोता बघितलंय. ठावं असताना मानूस आपल्या मानसाला फुटका भोपळा बांधंल व्हय?"

मुरारी बसला. पल्याड उतरेपर्यंत त्याने मामाकडे पाहिलं नाही.